संख्याशास्त्र दिन आणि ‘आर’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की संख्याशास्त्र शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि नोकरीत रोज आकड्यांशी गाठ असणाऱ्या मंडळींकडून ठरावीक प्रश्न यायला लागतात. २९ जूनला काय करायचं, आर शिकायला किती वेळ लागतो, त्यात मराठी अक्षरं चालतात का, कुठली आकडेवारी घ्यायची. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: हा दिवस नुसती भाषणं ऐकण्यात घालवू नका. खरी आकडेवारी उघडा, चारचौघांनी मिळून तिच्यावर काम करा आणि केलेलं काम दुसऱ्याला तपासता येईल असं ठेवा. आर हे आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर याच रीतीने घडलं, म्हणून या पानावर त्याला एवढी जागा दिली आहे.

२९ जूनच का?

प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ चा, कोलकात्याचा. २००७ पासून भारत सरकार हा दिवस राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून साजरा करतं. महालनोबिस केंब्रिजला भौतिकशास्त्र शिकले आणि परतल्यावर आयुष्यभर संख्याशास्त्राचे झाले. १७ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, १९३३ साली ‘संख्या’ हे नियतकालिक सुरू केलं आणि १९५० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण उभं राहिलं.

पण विद्यार्थ्यांना त्यांची ओळख करून द्यायची असेल, तर १९३६ साली त्यांनी मांडलेल्या अंतराच्या कल्पनेपासून सुरुवात करा. समजा शंभर माणसांची उंची आणि वजनं आपल्याकडे आहेत. सहा फूट उंची वेगळी वाटत नाही, पंचेचाळीस किलो वजनही वेगळं वाटत नाही. सहा फूट उंचीचा माणूस पंचेचाळीस किलोचा निघाला, तर मात्र तो गटापासून फार दूर आहे. हे दूर असणं एकेक रकाना वेगळा पाहून दिसत नाही, कारण उंची आणि वजन एकमेकांसोबत वाढतात. तो परस्परसंबंध हिशेबात धरून मोजलेलं अंतर म्हणजे महालनोबिस अंतर. आज आर संगणकावर बसवलं की सोबत ‘महालनोबिस’ याच नावाचं फंक्शन, म्हणजे ठरलेला हिशेब करणारी तयार आज्ञा, येतं, वेगळं काहीही उतरवून घ्यावं लागत नाही. जगातल्या कुठल्याही आरमध्ये हे नाव असतं. मुलांना ते पडद्यावर दाखवा.

जागतिक सांख्यिकी दिन वेगळा आहे का?

हो. संयुक्त राष्ट्रांनी पहिला जागतिक सांख्यिकी दिन २० ऑक्टोबर २०१० ला पाळला आणि तेव्हापासून तो दर पाच वर्षांनी येतो. शिवाय २०१३ हे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र वर्ष होतं. जेकब बर्नुलीच्या संभाव्यतेवरच्या ग्रंथाला त्या साली ३०० वर्षं झाली आणि थॉमस बेझच्या निबंधाला २५०.

यात महाराष्ट्राचं काय आहे? कार्यक्रमात सगळी नावं बाहेरचीच येतात.

ती तशी यायचं काहीच कारण नाही. इथे थोडं सविस्तर लिहितो.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मले. पिकाचं उत्पादन किती झालं हे प्रत्येक शेत मोजून कळणं शक्य नसतं, म्हणून काही शेतं यादृच्छिक रीतीने निवडायची, त्यात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा आणि तेवढाच कापून, मळून, वजन करायचं. हाच पीक कापणी प्रयोग. तुकडा किती मोठा असावा यावरून १९४० च्या दशकात सुखात्मे आणि महालनोबिस यांच्यात जोरदार वाद झाला. तुकडा लहान असेल तर कडेवरची रोपं आत धरण्याकडे हात आपोआप झुकतो आणि उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, हा सुखात्म्यांचा मुद्दा होता. लहान तुकड्यात क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त असते, हे कागदावर दोन चौकोन काढूनही पटतं. आज गावात पीक विम्याची भरपाई ठरते ती अशाच प्रयोगांच्या आकड्यांचा आधार घेऊन. शेतकरी घरातून आलेल्या मुलांना पीक कापणी माहीत असते. तिच्यामागे नमुना निवडीचं एवढं शास्त्र आहे आणि त्यात आपल्याकडच्या माणसाने भर घातली आहे, हे मात्र वर्गात क्वचित सांगितलं जातं. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राच्या कामाचे प्रमुख झाले.

वसंत शंकर हुजूरबाजार कोल्हापूरचे. केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे त्यांनी संशोधन केलं आणि १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. महाराष्ट्रात आज संख्याशास्त्र शिकवणाऱ्या कितीतरी शिक्षकांची गुरुपरंपरा त्या विभागाशी जाऊन मिळते.

दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्याचे. इतिहासकार म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहेत, पण ते मूळचे गणिती. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, १९४३ साली, त्यांनी यादृच्छिक प्रक्रियांबद्दल एक निष्कर्ष मांडला. पुढे तोच निष्कर्ष कारहुनेन आणि लोएव यांनी स्वतंत्रपणे काढला आणि बराच काळ त्या दोघांच्याच नावाने ओळखला गेला. १९४४ चं त्यांचं दुसरं काम जनुकशास्त्रातलं: गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून काढण्याचं सूत्र. आरमध्ये जनुकीय नकाशे काढण्याची पॅकेजेस, म्हणजे आरला जोडून घ्यायचे फंक्शनांचे तयार संच, आहेत, त्यात कुठलं सूत्र वापरायचं असं विचारलं जातं आणि पर्यायांत ‘कोसंबी’ हे नाव असतं. परदेशातला संशोधक गव्हाचा किंवा उंदराचा नकाशा काढताना हा पर्याय निवडतो. गोव्यातल्या आणि पुण्यातल्या मुलांना हे दाखवायलाच हवं.

आणखी एक धागा मुंबईचा. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली साथीच्या रोगांचं गणिती प्रारूप मांडलं. कोविडच्या काळात ज्या आलेखांची रोज चर्चा व्हायची, त्यातल्या पुष्कळशा आलेखांचं मूळ तिथे आहे. ते प्रारूप पडताळण्यासाठी त्यांनी वापरली डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंची आठवडावार आकडेवारी. आरमध्ये असं प्रारूप चालवायला वीसेक ओळी पुरतात. मुंबईतल्या महाविद्यालयाने २९ जूनला दुसरं काही केलं नाही आणि एवढंच केलं, तरी कार्यक्रम भरीव होईल.

‘आर’ म्हणजे काय आणि ते कोणी बनवलं?

आर ही आकडेवारीच्या विश्लेषणासाठी आणि आलेखांसाठी बनवलेली संगणकभाषा आहे. तिची आधीची पिढी म्हणजे ‘एस’. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ पासून ती घडवली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांना विद्यार्थ्यांसाठी तसंच काहीतरी हवं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं आणि १९९३ मध्ये लोकांसमोर ठेवलं. झ्युरिकच्या मार्टिन मॅख्लर यांनी त्यांना आग्रह केला की हे मुक्त परवान्याखाली खुलं करा, आणि १९९५ मध्ये तसं झालं. माझ्या मते आरच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण तोच. कारण नंतर दुरुस्त्या, सूचना आणि नवीन फंक्शनं इतक्या ठिकाणांहून येऊ लागली की दोघांना ते आवरेना. मग १९९७ मध्ये आर कोअर हा गट तयार झाला, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाहून कुर्ट हॉर्निक आणि फ्रिड्रिश लाइश यांनी क्रॅन सुरू केलं. आर आणि त्याची पॅकेजेस जिथून उतरवून घेता येतात ते भांडार म्हणजे क्रॅन.

आवृत्ती १.०.० आली २९ फेब्रुवारी २००० ला. शतकी वर्षांमध्ये ४०० ने भाग जाणारंच लीप वर्ष असतं, त्यामुळे ही तारीख जरा दुर्मीळच. आकडेमोड करणाऱ्या सॉफ्टवेअरला वाढदिवस शोभून दिसेल असा आहे.

फुकट आहे, म्हणजे भरवशाचं आहे का?

भरवसा किमतीवरून ठरत नाही, तपासणीवरून ठरतो. आरमधल्या कुठल्याही फंक्शनचं नाव कंसाशिवाय लिहून एंटर दाबा, बहुतेक वेळा त्याच्या आतला मजकूर समोर येतो. सरासरीचं सूत्र, प्रतिगमनाचं सूत्र, सगळं वाचता येतं. चूक सापडली तर कळवता येते आणि ती दुरुस्त होते. क्रॅनवर पॅकेज चढवण्याआधी ते वेगवेगळ्या संगणकप्रणालींवर आपोआप तपासलं जातं, मदतीची पानं आहेत का आणि उदाहरणं चालतात का हे पाहिलं जातं, त्रुटी असल्या की परत पाठवलं जातं. आज क्रॅनवर २०,००० हून अधिक पॅकेजेस आहेत. त्यातलं प्रत्येक उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. नवीन पॅकेज वापरताना ते कोणी लिहिलंय, शेवटची सुधारणा कधी झाली, त्यामागे छापील शोधनिबंध आहे का, हे पाहायची सवय लावा.

एक्सेल येतं. मग आर कशाला?

छोट्या तक्त्यासाठी एक्सेल छान आहे आणि ते सोडा असं कोणी सांगत नाही. अडचण येते ती केलेल्या कामाचा माग राहत नाही तिथे. तुम्ही कुठल्या ओळी गाळल्या, कुठला आकडा हाताने बदलला, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येत नाही. आरमध्ये प्रत्येक पायरी स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या फाइलीत, लिहिलेली असते. मूळ फाइलला हात लागत नाही आणि नवीन वर्षाची आकडेवारी आली की तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची.

नोंदलेली दोन उदाहरणं देतो. काही मानवी जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलून टाकायचं, हा प्रकार इतका पसरला की २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्या जनुकांची नावंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे जवळपास १६,००० रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत.

पायथन शिकू की आर?

जे तुमच्या आसपासची माणसं वापरतात ते आधी शिका, म्हणजे अडलं तर विचारायला कोणी असेल. सर्वेक्षणं, वैद्यकीय संशोधन, शेती, विमा, अर्थशास्त्र यांकडे जाणार असाल तर आर. सॉफ्टवेअर कंपनीत जाणार असाल तर पायथन. दोन्हीत वैर नाही. पायथनमधल्या पांडाज या साधनाने डेटा फ्रेमची, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्याची, कल्पना आरकडूनच घेतली आहे.

आरचा ‘समुदाय’ म्हणतात, म्हणजे नक्की कोण?

मुळात आर कोअर, वीसेक माणसं. मग क्रॅन सांभाळणारे स्वयंसेवक. मग पॅकेजेस लिहिणारे हजारो लोक: प्राध्यापक, सरकारी खात्यातले विश्लेषक, पर्यावरणाचा अभ्यास करणारे, पत्रकार. आणि त्याहून कितीतरी जास्त संख्येने प्रश्नांची उत्तरं देणारे, चुका कळवणारे, धडे लिहिणारे.

२००४ पासून ‘यूजआर’ नावाचं संमेलन भरतं, पहिलं व्हिएन्नात झालं. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये गाब्रिएला दि केरॉश यांनी आर-लेडीज हा गट सुरू केला, कारण अशा बैठकांमध्ये स्त्रिया फार कमी दिसायच्या. आज त्याच्या शाखा जगभर आहेत. २०१८ पासून ‘टायडी ट्यूसडे’ चालतो: दर आठवड्याला एक आकडेवारी सगळ्यांसाठी ठेवली जाते, ज्याला जमेल त्याने आलेख काढायचा आणि स्क्रिप्टसकट दाखवायचा. कधी विषय कॉफीचा असतो, कधी चित्रपटांचा. नवशिक्याचा साधा स्तंभालेखही तिथे कौतुकाने पाहिला जातो. मला हा उपक्रम सगळ्यात आवडतो आणि आपल्या महाविद्यालयांनी उचलावा असाही हाच आहे.

आरच्या आवृत्त्यांना टोपणनावं असतात, ती ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतून घेतात. नवीन आवृत्ती आली की नाव कुठल्या चित्रातलं हे शोधणारेही पुष्कळ आहेत.

मला प्रश्न विचारायला संकोच वाटतो. लोक हसतील का?

नीट विचारलेल्या प्रश्नाला कोणी हसत नाही. आर वापरणारा प्रत्येक जण ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ हा संदेश पाहून गेलेला असतो. बहुतेक वेळा अक्षर लहान की मोठं एवढाच फरक असतो, कारण आरला लहान आणि मोठी रोमन अक्षरं वेगळी वाटतात.

नीट विचारणं म्हणजे काय, ते सांगतो. तुमच्या चाळीस हजार ओळींच्या फाइलीबद्दल विचारू नका. पाच-सहा ओळींचा तक्ता बनवा, ज्यात तीच अडचण दिसते. ‘डीपुट’ हे फंक्शन तो तक्ता मजकुराच्या रूपात देतं, तो प्रश्नात चिकटवा. नमुना यादृच्छिक असेल तर ‘सेट डॉट सीड’ वापरा, म्हणजे समोरच्यालाही तेच आकडे मिळतील. काय मिळायला हवं होतं आणि काय मिळालं, हे दोन्ही लिहा. पडद्याचा फोटो पाठवू नका, त्यातून कोणाला काही चालवून पाहता येत नाही. असं छोटं उदाहरण तयार करताना निम्म्या वेळा अडचण तुम्हालाच सापडते.

कार्यक्रमासाठी कुठली आकडेवारी घ्यावी?

आरसोबत काही संच येतातच. आयरिस फुलांचा संच सगळ्यात प्रसिद्ध: तीन जाती, प्रत्येकी ५० फुलं, एडगर अँडरसन यांनी मोजलेली. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली तो ज्या नियतकालिकात वापरला ते वंशसुधारणेच्या विचाराचं होतं, म्हणून आता पुष्कळ शिक्षक त्याऐवजी अंटार्क्टिकातल्या पेंग्विनांचा संच वापरतात. त्यात ३४४ पक्षी आहेत, तीन जातींचे, आणि २०२५ च्या ४.५.० आवृत्तीपासून तो आरमध्येच मिळतो. हा बदल मला योग्य वाटतो.

पण सरावापुरते पेंग्विन ठीक. कार्यक्रमाला आपल्याकडचं काही घ्या. बाजार समित्यांचे रोजचे भाव सार्वजनिक असतात. लासलगावच्या कांद्याचं घेतलं तर रकाने असे: तारीख, आवक क्विंटलमध्ये, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. आता विचारा, महिन्याचा सरासरी दर किती? मुलं रोजच्या सर्वसाधारण दरांची बेरीज करून दिवसांनी भागतील. समजा एका दिवशी आवक ५०० क्विंटल आणि दर २,४०० रुपये, दुसऱ्या दिवशी आवक २०,००० क्विंटल आणि दर १,२०० रुपये. साधी सरासरी येते १,८०० रुपये. आवकेचा भार देऊन काढली तर येते सुमारे १,२२९ रुपये. शेतकऱ्यांच्या हातात प्रत्यक्ष पडलेला दर दुसरा आहे. पहिला आकडा सांगून कोणी म्हणालं की भाव बरा मिळाला, तर ते किती चुकीचं आहे हे त्या वर्गात प्रत्येकाला कळतं. आरमध्ये त्यासाठी ‘वेटेड डॉट मीन’ हे एकच फंक्शन लागतं.

पदव्युत्तर विद्यार्थी असतील तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घ्या. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते काम पाहते, आणि पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळातली आहे. नोंदणी करून फाइली मिळतात. त्यात भाराचा रकाना असतो, म्हणजे हिशेबात त्या नोंदीला किती वजन द्यायचं तो आकडा, त्याला १० लाखांनी भागून वापरायचं असतं. भार न वापरता काढलेली टक्केवारी कितीतरी प्रकल्प अहवालांत दिसते आणि वाईट वाटतं. थॉमस लमली यांचं ‘सर्व्हे’ हे पॅकेज भार, स्तर आणि समूह सगळं सांभाळून घेतं.

आलेख काढणं खरंच इतकं महत्त्वाचं आहे का? आकडे पुरेसे नाहीत?

फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये चार छोटे संच बनवले, प्रत्येकात अकरा बिंदू. चारही संचांत क्ष ची सरासरी ९, य ची सरासरी ७.५, सहसंबंध गुणांक ०.८१६, प्रतिगमन रेषाही तीच. आलेख काढले की पहिल्यात साधारण सरळ कल दिसतो, दुसऱ्यात स्वच्छ वक्र, तिसऱ्यात सरळ रेषा आणि एक भरकटलेला बिंदू, चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेत. हा संच आरमध्ये ‘अँस्कम’ याच नावाने आहे. आधी मुलांना फक्त आकडे काढायला सांगा, फळ्यावर लिहून घ्या, आणि मग आलेख दाखवा.

मराठी अक्षरं चालतात का?

चालतात. विंडोजवर पूर्वी मराठी मजकुराच्या जागी कोड दिसायचे. २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० आवृत्तीपासून विंडोजवरही आर यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्या सामावणारी संकेतपद्धत वापरतं, त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदला. रकान्यांची नावं रोमनमध्ये ठेवलेली बरी, मजकूर खुशाल देवनागरीत असू द्या. आलेखावर जोडाक्षरं तुटत असतील तर चित्र जतन करताना ‘रॅग’ हे पॅकेज वापरून पाहा आणि देवनागरी फॉन्टचं नाव स्पष्ट द्या.

एक खास मराठी अडचण: सरकारी फाइलींत ‘१२५’ असे देवनागरी अंक असले तर आर त्यांना संख्या समजत नाही, रिकामी नोंद करून ठेवतं. ‘चार-टी-आर’ फंक्शनने दहाही अंक एका फटक्यात इंग्रजी अंकांत बदलता येतात, मग संख्येत रूपांतर करायचं.

जिल्ह्यांच्या दोन फाइली जोडल्या आणि ओळी गायब झाल्या. काय चुकलं?

महाराष्ट्रावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे एकदा भेटतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला, आता ३६ आहेत. त्यानंतर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आता नवी फाइल जनगणनेच्या फाइलीशी जिल्ह्याच्या नावाने जोडली, आणि बाकी सगळी नावं अक्षरशः जुळली, तरी ३६ पैकी ३२ ओळीच हाती येतात. ‘मर्ज’ फंक्शन न जुळलेल्या ओळी काही न बोलता गाळतं, तुम्ही ‘ऑल’ हा पर्याय दिला नाही तर.

नावाऐवजी सरकारी संकेतांकाने जोडा आणि जोडल्यावर किती ओळी उरल्या ते दर वेळी मोजा. ठाण्याबाबत जास्त जपून राहा. नाव जुळतं, ओळ येते, सगळं ठीक वाटतं. पण २०११ च्या ठाण्याच्या १ कोटी १० लाख लोकसंख्येत पालघरही आहे. आजच्या ठाण्याचे रुग्ण किंवा शाळा त्या संख्येने भागल्या तर दर खोटा निघतो आणि कुठलाही संदेश येत नाही.

मुलांना आर अजिबात येत नाही. दोन तासांत काय होईल?

पुष्कळ होईल, जर संगणकांवर आर आणि आरस्टुडिओ आदल्या दिवशी बसवून ठेवलं असेल तर. आर हे इंजिन आहे आणि आरस्टुडिओ ही त्यावर काम करायची खिडकी, दोन्ही लागतात. दोघादोघांना एक संगणक द्या. पहिल्या अर्ध्या तासात सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) वाचून ‘समरी’, म्हणजे आकड्यांचा सारांश, काढायची. पुढच्या अर्ध्या तासात एक आलेख. उरलेल्या तासात प्रत्येक जोडीने आकडेवारीला स्वतःचा एक प्रश्न विचारायचा आणि सगळ्यांसमोर उत्तर मांडायचं. चाचण्या, पी-मूल्य यातलं काही पहिल्या दिवशी नको. घरी पुढे शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आरवरचे छोटे व्हिडिओ धडे आहेत.

संगणकच नाहीत. मग?

मैदानात जा. दोरीने एक लहान आणि एक मोठा चौकोन आखा, आतल्या गवताच्या जुड्या किंवा झाडाची गळलेली पानं मोजा, दोन्हीवरून पूर्ण मैदानाचा अंदाज काढा. वेगवेगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडले की लहान चौकोनांचे अंदाज किती विखुरतात ते दिसतं. कडेवरचं पान आत धरायचं की बाहेर यावर भांडण होईलच. तिथे सुखात्म्यांचा वाद सांगा.

प्रबंधात आरचा उल्लेख कसा करायचा?

‘सायटेशन’ हे फंक्शन चालवा, संपूर्ण संदर्भ तयार मिळतो. कंसात पॅकेजचं नाव दिलं की त्या पॅकेजचा मिळतो. ‘आर वापरून विश्लेषण केले’ एवढंच लिहून थांबू नका, आवृत्तीही द्या. पॅकेज लिहिणाऱ्या बहुतेकांना त्या कामाचे पैसे मिळत नाहीत. नोकरीत, बढतीत दाखवायला त्यांच्याजवळ असतात ते हे संदर्भच.

कार्यक्रम झाल्यावर फाइलींचं काय करायचं?

एका फोल्डरमध्ये तीन गोष्टी ठेवा: मूळ आकडेवारी जशी मिळाली तशी, स्क्रिप्ट, आणि अर्ध्या पानाची टीप. टिपेत आकडेवारी कुठून आणि कोणत्या तारखेला घेतली, कुठल्या ओळी का गाळल्या आणि प्रत्येक रकान्याचं एकक काय, हे लिहा. कांद्याचा दर क्विंटलचा की किलोचा हे लिहिलं नसेल तर पुढच्या वर्षीच्या बॅचला तो संच निरुपयोगी आहे. ‘सेशन इन्फो’चा मजकूरही जोडा, म्हणजे कुठली आवृत्ती होती ते कळेल. माणसांची वैयक्तिक माहिती त्यात नाही याची खात्री करून मग फोल्डर सगळ्यांसाठी खुलं करा, आणि कोणालाही वापरायची मुभा आहे हे टिपेत स्पष्ट लिहा. मुभा लिहिलेली नसेल तर सज्जन माणूस ती फाइल वापरायला कचरतो.